पिवळ्या फ्रॉकच्या चिंध्या

इमारतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या कधीच भरल्या होत्या. उरलेली मंडळी भिंतींना चिकटून, खिडक्यांच्या कट्ट्यांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर. प्रत्येकाच्या मांडीवर एकेक खोका. कुणाचा साबणाचा, कुणाचा मेणबत्त्यांचा, कुणाचा कानातल्यांचा. या चार मजली इमारतीत घरटी एक तरी बाई फोनवरून माल विकत होती, आणि गेल्या दोन महिन्यांत घरटी एक तरी पार्सल गडप झालं होतं.

व्यासपीठावर चिंधीमहाराज. डोळे मिटलेले, तळहात एका बंद खोक्यावर.

"आत काच आहे... काचेत सुगंध आहे... जांभळा रंग दिसतोय. बरोबर का, माउली?"

अत्तरवाली ताडकन उभी राहिली. "जांभळीच बाटली! अहो, चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही हो!"

"चिकटपट्टी डोळ्यांना अडवते, माउली. दृष्टीला नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराजांनी शेजारच्या ताटातली एक पिवळी चिंधी उचलून खोक्याला बांधली आणि गोड गळ्याने दोन ओळी गुणगुणल्या. आता हा खोका सुखरूप जाणार, यात कुणालाच शंका नव्हती. चिंधीचं कापड अधूनमधून बदले, पण चिंधी बांधलेलं एकही पार्सल आजवर हरवलं नव्हतं. बिनचिंधीची मात्र हवेत विरत होती. मधूनच महाराज मागच्या खोलीत ध्यानाला बसत आणि हरवलेलं एखादं पार्सल 'खेचून' आणत. मग काय, पुढच्या दिवशी गर्दी दुप्पट.

ताट धरून उभा होता बारक्या. अंगाने काडी म्हणून बारक्या, नाहीतर वय चांगलं बत्तीस. घरोघरी जाऊन पार्सलांचे फॉर्म भरायचे, खोके खाली जिन्याजवळच्या टेबलावर मांडायचे, हे त्याचं रोजचं काम. चारला गाडी येई आणि खोके घेऊन जाई. उरलेला वेळ महाराजांची सेवा.

गर्दीत मागे उभ्या असलेल्या त्याच्या बहिणीला, गोधडीवाल्या ताईला, भावाचा अभिमान वाटत होता. पोरगा मार्गाला लागला, असं ती म्हणे.

ताईचं काम जरा निराळं. लोक आपल्या गेलेल्या माणसांचे कपडे तिच्याकडे पाठवत आणि ती त्यांची गोधडी शिवून परत पाठवी. शिवताना कीर्तन लावलेलं असे. बुवांनी टिपेचा सूर लावला की तिचा हात थांबे, डोळे भरत, आणि मग सुई पुन्हा चालू लागे. तीन आठवड्यांपूर्वी तिने एक लहानशी गोधडी पूर्ण केली होती. सहा वर्षांची मुलगी तापाने गेली होती. तिचे शाळेचे सदरे, एक स्वेटर, आणि मधोमध पांढऱ्या ठिपक्यांचा पिवळा फ्रॉक. त्याच्या खिशात शिसपेन्सिलीचं टोक सापडलं, तेही ताईने खिशासकट तसंच ठेवलं.

ती गोधडी टेबलावरून नाहीशी झाली.

साबण हरवला तर दुसरा साबण पाठवता येतो. फ्रॉक कुठून आणणार? ताईने महाराजांचे पाय धरले. त्यांनी डोळे मिटले आणि त्या गोड आवाजात म्हणाले, "मुलीनं स्वतः नेलीय. परत द्यायला निघालीय, पण आईचे अश्रू वाटेत आडवे येतात. आईनं अकरा दिवस टिपूस काढू नये. गोधडी दारात येईल."

ताईने तसाच मुलीच्या आईला फोन केला.  ती आई म्हणाली, "नाही रडत. एक थेंब काढणार नाही." तेव्हापासून रोज संध्याकाळी तिचा फोन येई. "ताई, आज चौथा दिवस. फोटो कपाटात ठेवून दिला, म्हणजे चुकूनही रडू यायला नको."

नवव्या दिवशी शेजारच्या गणिताच्या बाई आल्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या हाताने बांधलेल्या वह्या विकत.

"ही चिंधी मिळाली महाराजांकडून. हुबेहूब असं कापड आहे का गं तुझ्याकडे?"

"कशाला, बाई?"

"नक्कल करायला. चिंधी खरी की चोर खरा, बघू या."

"बाई, देवाधर्माची थट्टा नका करू."

"देवाची कुठे करतेय? टेबलावरचे खोके देव उचलतो असं म्हणणारी तू. थट्टा कोण करतंय?"

ताई हसत चिंधी हातात घेऊन उजेडाला गेली आणि तिचं हसू गेलं. पिवळं कापड, पांढरे ठिपके. कडेला शिवण. चार टाके सरळ, पाचवा उलटा. पुन्हा चार सरळ, पाचवा उलटा. ही तिच्या आईने लावलेली सवय. गावात दुसरं कुणी असं शिवत नव्हतं.

"बाई... हा माझा हात आहे."

बारक्याच्या हातातलं ताट तिला आठवलं. ताटभर चिंध्या होत्या रोज. ताटभर.

ती दाराकडे धावली, पण बाईंनी दंड धरला. "आत्ता गेलीस तर तो म्हणेल, मुलीनंच आणून दिल्या. आणि लोक टाळ्या वाजवतील. दोन दिवस दे मला."

बाईंनी साध्या पिवळ्या कापडावर चुका खोडायच्या पांढऱ्या शाईने ठिपके काढले. दोन दिवस टेबलावर त्यांचे खोके गेले: काहींना ही नकली चिंधी, काही बिनचिंधीचे. बिनचिंधीचे गडप झाले. नकली चिंधीचे गाडीत चढले, पोचलेसुद्धा.

अकराव्या दिवशी सभागृहात बाई स्वतः खोका घेऊन पुढे गेल्या.

महाराजांनी तळहात ठेवला. "चकाकतंय... चांदी आहे, माउली. चौकट आहे. कुणाची तरी आठवण तिच्यात बसणार आहे."

"चांदीची फोटोफ्रेम?"

"आम्ही पाहतो ते सांगतो."

बाईंनी सर्वांसमोर चिकटपट्टी फाडली. आतून निघालं सातवीचं गणिताचं जुनं पुस्तक, कव्हर नसलेलं.

हशा पिकला. महाराज म्हणाले, "माउलींच्या मनात संशय होता, म्हणून दृष्टी ढळली."

"दृष्टी नाही ढळली, महाराज, बातमी चुकली. चांदीची फ्रेम हे मी या जगात एकाच माणसाला सांगितलं होतं, फॉर्म भरताना." बाई ताटाकडे वळल्या. "बारक्या, अत्तराची बाटली जांभळी आहे हे तुला फॉर्म भरतानाच कळलं ना रे? आणि मंडळी, माझ्या खोट्या चिंधीनंही पार्सलं राखली. चिंधी खोटी आहे हे देवाला कळलं असतं. चोराला नाही कळलं."

ताट बारक्याच्या हातून निसटलं. पिवळ्या चिंध्या जमिनीवर विखुरल्या आणि हॉलमध्ये एकटी ताई खाली वाकून त्या गोळा करत होती.

महाराज मागच्या दाराने निघाले, पण बाईंनी पोलिसांना आधीच बोलावलं होतं. ध्यानाच्या खोलीत फोडलेले खोके छतापर्यंत. कोपऱ्यात गोधडी होती; कडेचे सदरे, स्वेटरची एक बाही. मधोमध मोठं भोक. कात्री तिथेच पडलेली.

जिन्यावर बारक्या बसला होता, शेजारी शिपाई. ताई समोर उभी राहिली.

"का रे?"

"तुझं एक तरी जायलाच हवं होतं, ताई. सगळ्यांची जातात आणि बारक्याच्या बहिणीचं जात नाही, हे लोकांच्या ध्यानात आलं असतं. मी मुद्दाम सगळ्यात हलका खोका उचलला गं. तुझं फार नुकसान नको म्हणून."

"हलका," ताई म्हणाली. "सहा वर्षांची होती रे. तिचे कपडे हलकेच असणार."

तो मान खाली घालून रडू लागला. त्याला जवळ घ्यावं म्हणून तिचा हात उठला, आणि तसाच परत गेला.

आता त्या जिन्याजवळ टेबल नाही. गाडी येईपर्यंत प्रत्येकीचा खोका तिच्या घरात असतो. काट्यावर ठेवून वजनासकट फोटो काढायचा, हातातून हातात द्यायचा, पावती घ्यायची. आणि घेणाऱ्याने आपल्या फोनवर आलेला आकडा सांगितल्याशिवाय खोका कुणाच्या ताब्यात जायचा नाही. यात चमत्कार काहीच नाही, म्हणून ते रोज चालतं. ताईने चिंधी गेलेल्या सगळ्या पत्त्यांवर पत्रं लिहिली. काही चिंध्या पाकिटांतून परत आल्या. बऱ्याच आल्या नाहीत. कुणी कचऱ्यात टाकली असेल, कुणी देवाजवळ ठेवली असेल.

ताई आजही कीर्तन ऐकते, आजही तिचे डोळे भरतात. पण गोड गळा ऐकला की ती आता विचारते: तुम्हाला हे कुणी सांगितलं? मंडळी, एवढं एक विचारत चला. देव त्या प्रश्नाने रागावत नाही. घाम फुटतो तो दुसऱ्यांनाच. आणि दुःखात बुडालेल्या माणसाला जो रडू नको अशी अट घालतो, त्याच्या तोंडी नाव कुणाचंही असो, तो देवाकडून आलेला नाही.

हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी फोन वाजला तेव्हा ताईच्या मांडीवर भोक पडलेली गोधडी होती.

"ताई, अकरावा दिवस. एक थेंबही नाही काढला. आली का हो?"

ताईने काहीच लपवलं नाही. भाऊही नाही, कात्रीही नाही, आणि महाराजांचं खोटं आपणच फोनवरून पोचवलं, हेही नाही. फ्रॉकचा खिसा तेवढा पेन्सिलीसकट वाचलाय, असं सांगून ती थांबली.

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला.

"म्हणजे, ताई," ती आई हळूच म्हणाली, "मी रडले असते, तरी चाललं असतं?"

"चाललं असतं हो. रडा तुम्ही. मी आहे फोनवर."