राणी रंगाची घार

मिरजगावच्या शिवारात रेश्मानं यंत्राची घार उडवली, तेव्हा सरपंच ज्योतीताईंनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या होत्या. शेती कॉलेजात शिकलेल्या या पोरीची घार अशा गिरक्या घ्यायची की ज्वारीवरचे पोपट जीव मुठीत घेऊन पळायचे. खरी घार कुठली, यंत्राची कुठली, गावाला ओळखू येईना.

तिसऱ्या दिवशी मुबारकबी पंचायतीत आल्या. घारीच्या डोळ्यात कॅमेरा आहे, हे कळल्यापासून त्यांनी अंगणात केस विंचरणं सोडलं होतं. कॅमेरा फक्त पाखरं शोधतो, असं रेश्मानं परोपरीनं सांगितलं.

"खऱ्या घारीचं मला काय न्हाई," मुबारकबी म्हणाल्या. "ती बी बघती. पन कुनाला दाखवत न्हाई."

ज्योतीताईंनी तालुक्याला फोन केला, तर तिकडच्या साहेबांनी दोनदा विचारलं, घार की ड्रोन? शेवटी सरपंचांनी ग्रामसभाच बोलावली.

सभेत रेश्माचे चुलते सूर्यभान तावातावानं उठले. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नसेल त्यानं भ्यावं कशाला, म्हणाले. माझ्या घरावरचं खुशाल दाखवा. ज्योतीताईंनी पुन्हा विचारलं, तरी ते ऐकेनात. मग शाळेच्या भिंतीवर घारीनं टिपलेलं चित्र लागलं. ज्वारी दिसली, पोपट दिसले, आणि मग सूर्यभानांची गच्ची. गच्चीवर खुद्द सूर्यभान, डोक्यावरून टॉवेलचा पदर घेऊन, लाजत लाजत लावणी नाचत होते.

सभेत एकच हशा पिकला. त्यांची बायको हसता हसता खालीच बसली. ज्योतीताईंनी फायलीआड तोंड लपवलं, पण फाईलच गदगदा हलत होती. सूर्यभानही डोळे पुसत हसले.

"बंद करा आता," ते म्हणाले. "पटलं मला."

ठराव झाला. शेताची हद्द संपली की घारीचा डोळा बंद. आणि यंत्र आहे हे लांबून कळावं म्हणून तिला राणी रंग द्यायचा, पायात घुंगरू बांधायचे. रेश्मा फुरंगटली, असल्या नवरीला कुठला पोपट भिणार?

सकाळी नटलेली घार छुमछुमत ज्वारीवर झेपावली. पोपटांचा थवा असा काही उधळला की निम्मे थेट शेजारच्या गावात गेले. गच्च्यांवरून बायका हात हलवू लागल्या. मुबारकबी केस मोकळे सोडून अंगणात उभ्या राहिल्या आणि बांधाकडे ओरडून म्हणाल्या, आमच्या दारावरून एक चक्कर मारायला सांगा तिला. ज्योतीताईंना हसू आवरेना. बांधावरच्या लिंबाला धरून त्या कशाबशा उभ्या राहिल्या.