अर्धी करंगळी

काचेच्या पेटीत काळे चामडी हातमोजे. पाटी: ‘हात लावू नये.’

मेण लावलेला दोरा. जाड सुई.

पडद्यावर बुरखाधारी बंडखोर झुंबराला लटकून खाली झेपावतो. सभागृहात शिट्ट्या.

“हात काळे दिसतात. काहीतरी करा.” हे दिग्दर्शक म्हणाला होता, जेवता जेवता.

तर त्या सिनेमाला पन्नास वर्षं झाली म्हणून संग्रहालयाने कार्यक्रम ठेवला होता. तिसऱ्या रांगेत टाकेबाई बसल्या होत्या. या सिनेमाचे सगळे कपडे त्यांनी शिवलेले, म्हणून हे नाव. शेजारी नात. मंचावर नायकाचा मुलगा सांगत होता, “हातमोजे ही बाबांचीच कल्पना. बंडखोर माणूस ठसे सोडत नाही!”

लोक हसले. टाकेबाईंनी ओठ आवळले.

मग प्राध्यापक बोलायला उठले. तळमळीचा माणूस. म्हणाले, “हा सिनेमा गोऱ्या कातडीवाल्यांनी गोऱ्या कातडीवाल्यांसाठी केला. त्यात एकही काळा माणूस नाही. एकही नाही!”

टाळ्या पडल्या आणि टाकेबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकाने, नायकाच्या मुलाने, त्यांच्या नवऱ्याचे हात चोरले, ते त्यांनी पचवलं होतं. हा दुसरा तर अख्खा माणूसच पुसायला निघाला, तेही कळवळ्याने.

“आजी, बस ना,” नात कुजबुजली.

“पन्नास वर्षं बसलेच आहे.” त्या उभ्या राहिल्या. “अहो मास्तर! तलवारीची प्रत्येक मारामारी माझ्या नवऱ्याने केलीय. हिरोचा डुप्लिकेट होता तो. काळा कुळकुळीत. तोंडाला बुरखा होता, पण हातांना गोरा रंग लावला की घामाने तलवारीच्या मुठीला लागायचा. म्हणून मी मोजे शिवले.”

“आजी, काही पुरावा?” प्राध्यापकांनी मऊ आवाजात विचारलं.

“पेटीत आहे की! घालायला सांगा ते मोजे यांना. यांच्या बाबांचेच ना?”

नायकाच्या मुलाने हसत पेटी उघडायला लावली. उजवा मोजा चढला. डावा चढवताना हसू थांबलं. करंगळी मध्येच अडली. त्याने ओढून पाहिलं, पुन्हा ढकलून पाहिलं.

“चामडं आकसलंय,” तो म्हणाला.

“मग बाकीची चार बोटं का नाही आकसली? बाहेरून बघ, करंगळी टरटरीत आहे. कापूस आहे त्यात. आतून अर्ध्यावर दुहेरी टीप मारलीय मी, कापूस खाली सरकू नये म्हणून. माझ्या नवऱ्याची तेवढीच करंगळी होती. तुझ्या बाबांची पाचही बोटं शाबूत होती ना, बाळा? पोस्टरवर मोज.”

कोणीच मोजलं नाही. प्राध्यापक हातातले कागद उगाच सारखे करत होते. संयोजक नातीजवळ येऊन हळूच म्हणाले, “यांना जरा बाहेर न्या. चहा आहे.”

“चहा तुम्हीच घ्या,” नात म्हणाली. तिने पुढे होऊन प्राध्यापकांच्या समोरचा माईक काढून घेतला आणि आजीला दिला.

टाकेबाईंनी नवऱ्याचं नाव सांगितलं. मग पुन्हा सांगितलं, घसा फाटेपर्यंत ओरडून, कारण तेवढ्यात कुणीतरी माईक बंद केला होता.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी त्याने उघड्या हातांनीच तलवार चालवली होती. ते रीळ दिग्दर्शकाने दुपारीच फेकून दिलं.