अठाईचा तिसरा दिवस

"ही कॅप्सूल बंद करायची झाली की आधी माझ्याकडे या. घरच्या घरी एकदम तोडू नका," असं धुळ्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मलाच, कारण सासूबाई बाहेर बाकावर आडव्या झाल्या होत्या आणि हे औषधांची चिठ्ठी वाचण्यात गुंतले होते. सोनल तेव्हा पोटात होती. स्पिरिटच्या वासाने मला मळमळत होतं. मनात म्हटलं, पुन्हा फी घ्यायची सोय करून ठेवतायत. मी मान हलवली आणि पदर नाकाला लावून बाहेर आले.

सासूबाईंचं नाव राजकुंवर, पण घरात सगळे त्यांना बाई म्हणतात. धुळ्याहून जळगावला येताना त्या एस.टी.च्या अगदी मागच्या बाकावर बसल्या होत्या. पारोळ्याच्या पुढे गाडी खड्ड्यात आपटली आणि त्यांचा मणका दबला. तेव्हापासून दुखणं गेलं नाही. बसलं की कमरेत, झोपलं की पायात, आणि सकाळी उठताना सगळीकडे. डॉक्टरांनी कॅप्सूल पंधरा दिवसांसाठीच लिहिली होती. दुसऱ्या कुठल्या घरात दुकानदाराने कधीतरी नवी चिठ्ठी मागितली असती. आमचं स्वतःचंच मेडिकल, नव्या पेठेत, आणि दुकानदार म्हणजे बाईंचा मुलगा. दुकान बंद करून येताना ह्यांच्या खिशात कॅप्सूलचं पाकीट असायचं. कोणी मंडईतून येताना कोथिंबीर आणावी तसं. एकाच्या दिवसाला दोन झाल्या, दोनाच्या चार, आणि सोनल चालायला लागली तरी पंधरा दिवस काही संपले नाहीत.

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. मला कळायला हवं होतं असं म्हणायला आता सोपं आहे. मला दिसत होतं ते एवढंच, की कॅप्सूल घेतल्यावर बाई सोनलला मांडीवर घेऊन बसू शकायच्या.

पजूसण, म्हणजे पर्युषण, जवळ आलं तसं बाईंनी जाहीर केलं, "मी अठाई करणार."

अठाई म्हणजे आठ दिवस फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंत. आमच्या जैन स्थानकात त्या वर्षी महासतीजींचा, म्हणजे साध्वींचा, चातुर्मास होता. सासरे झुंबरलालजी, आम्ही त्यांना बापूजी म्हणतो, इतके खूश झाले की त्याच संध्याकाळी पारण्याच्या पत्रिका छापायला टाकून आले.

"कमरेचं काय पण, बाई?" मी विचारलं.

"तेच तर, बिनणी." मला त्या बिनणी म्हणतात, म्हणजे सून. त्यांनी माझा हात धरला. "आठ दिवस पोटात काहीच जाणार नाही, म्हणजे ते पण जाणार नाही. सुटेल एकदाची. मलाही कळतं ग, मी तिच्यावर जगते म्हणून."

मला त्यांचं कौतुक वाटलं. ह्यांनाही वाटलं. "बघ," हे म्हणाले, "आईने ठरवलं की झालं." पहिल्या दिवशी त्यांनी पाकीट आणलं नाही.

तो दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाईंना जांभया सुरू झाल्या. साध्या नव्हेत. जबडा निखळेल अशा, एकामागून एक. नाक गळायला लागलं, डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं सर्दी असेल. दुपारी त्या गादीवर पडल्या आणि पाय झाडायला लागल्या, जसं काही पायांवरून मुंग्या चालल्यात. कमरेचं दुखणंही दुप्पट होऊन परत आलं होतं. ओठ आवळून त्या नवकार मंत्र म्हणत होत्या.

"दुकानातून आणू का?" मी हळूच विचारलं.

"म्हने कांई कोनी हुयो," त्या म्हणाल्या. मला काही झालेलं नाही. पण म्हणताना दात वाजत होते.

घरात येणारा प्रत्येक जण मात्र आनंदात होता. तप करणाऱ्याला साता, म्हणजे खुशाली, विचारायला यायचं असतं. येणारा हात जोडून विचारतो, "सुखसाता?" आणि तपस्वी म्हणतो, "साता." दुसरं उत्तर कोणी देत नाही. बाईही देत नव्हत्या. त्यांचा चेहरा घामाने चमकत होता आणि बायका एकमेकींना म्हणत होत्या, "तेज बघा कसं चढलंय!"

"ह्या वयात! आणि आमच्या सुना चहा सोडत नाहीत."

"तुझी सून तरी सकाळी उठते. माझी तर पारण्यालाच उठेल."

सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. त्यांनी चादरीचं टोक मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की नखं पांढरी पडली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी भागाबाई भांडी घासायला आली आणि बाईंच्या दारातच थांबली. "ओ माय, बाईना आंगवर दखा. सोलेल कोंबडीनी गत काटा उना शे!" म्हणाली, आणि आपण कोणाच्या घरात काय बोललो हे लक्षात येऊन तिने जीभ चावली. मी हसले नाही. मी आत जाऊन बाईंच्या दंडावरून हात फिरवला. बाहेर उकाड्याने जीव जात होता, आणि त्यांच्या अंगावर एकूण एक लव उभी होती, खाली कातडी थंड आणि ओली.

मग माझ्या लक्षात यायला लागलं की पहाटेपासून त्या सारख्या परसाकडे जात होत्या. पाण्याचा डबा घेऊन, भिंत धरून, कोणी बघत नाही ना ते बघत. पोटात अन्नाचा कण नाही आणि जुलाब. हे तपाने होत नाही. माझ्या आईने धुळ्याला किती तप केलेत. ती गळून जायची, निपचित पडायची, पण अशी आतून कोणी पिळतंय असं तिचं कधी झालं नव्हतं.

मी दुकानात निरोप पाठवला. हे आले, नाडी पाहिली, म्हणाले, "अशक्तपणा आहे. सगळ्यांनाच होतो."

"कॅप्सूल बंद झाल्यामुळे असेल तर?"

"ती दुखण्याची गोळी आहे. बंद केली तर दुखेल. जुलाब कसे होतील?"

बापूजी ओसरीवरून म्हणाले, "पत्रिका गावभर गेल्या आहेत. घरातच असं बोलू नकोस, मन डळमळतं तपस्वीचं."

दुपारी बायका तपाची गीतं गायला जमल्या. बैठकीत टाळ्या, गाणं, आणि मी सोनलला कडेवर घेऊन मागच्या दाराशी उभी. बाई डबा घेऊन गेल्या होत्या त्या परत येईनात. मी हाक मारली. गाण्यात ऐकू जाणार नाही म्हणून मोठ्याने मारली. मग जाऊन दार ढकललं. त्या न्हाणीच्या फरशीवर कुशीवर पडलेल्या होत्या, डोळे अर्धे उघडे, ओठ कोरडे फुटलेले. सोनलला वाटलं खेळ आहे. ती "बाई, भॉ" म्हणाली.

भागाबाई आणि मी मिळून त्यांना उचललं. उचलताना कळलं किती हलक्या झाल्यात. बैठकीतलं गाणं थांबलं. मी सोनलला कोणाच्या तरी हातात दिलं आणि अनवाणीच कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवर धावले.

धुळ्याच्या डॉक्टरांना दोन वाक्यांत ओळख पटली. "किती घेत होत्या?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "शरीराला तिची सवय लागली होती, ती एका दिवसात काढून घेतलीत. त्यात जुलाब आणि वर उपास. अंगातलं पाणी संपतंय त्यांच्या. आत्ता एक कॅप्सूल द्या, मीठ-साखरेचं पाणी द्या, आणि दवाखान्यात नेऊन सलाइन लावा. उद्या नाही. आत्ता."

घरी आले तर बाई शुद्धीवर होत्या. हे एव्हाना घाबरले होते. कॅप्सूल आणि पाण्याचा पेला घेऊन उभे होते, आणि बाईंनी तोंड घट्ट मिटलं होतं.

"पचक्खाण घेतलंय मी, नेम आहे माझा," त्या दातांतून म्हणाल्या. "मोडणार नाही. मेले तरी चालेल."

"असं काय बोलता!" मी म्हटलं.

"तपात मेलं तर चांगलंच की."

बायका भिंतीला टेकून उभ्या. तेव्हा मला खरी भीती कळली. ती बाईंना वाटत नव्हती, भिंतीशी उभ्या कोणालाच वाटत नव्हती. त्या इथे सगळ्यांच्या देखत मेल्या असत्या, आणि लोकांनी हात जोडले असते.

मी पुन्हा धावले, स्थानकाकडे. महासतीजी पाटावर बसून वाचत होत्या. मी वंदना करायची विसरले. जुलाब, काटा, कॅप्सूल, सगळं एका दमात सांगितलं, रडत. त्यांनी पुस्तक मिटलं आणि सोबतच्या लहान महासतीजींना म्हणाल्या, "चला."

बाईंच्या गादीजवळ उभं राहून त्यांनी विचारलं, "साता?"

"साता, महाराज," बाई म्हणाल्या.

"खोटं बोलून तप होत नाही, राजकुंवरबाई."

बाईंचे डोळे भरले.

"मी तुम्हाला पचक्खाण दिलं त्यातच सूट सांगितलेली असते," महासतीजी म्हणाल्या. "जिवाला असह्य बाधा झाली तर औषध घेता येतं. रोज म्हणतो आपण ते, अर्थ कोणी विचारत नाही. औषध घ्या. तुमचं काही मोडलेलं नाही." मग बापूजींकडे न बघता म्हणाल्या, "पत्रिकांचं मला माहीत नाही. त्या काही मी दिल्या नव्हत्या."

बाईंनी कॅप्सूल घेतली. रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टेकून त्या लहान मुलासारख्या रडत होत्या, लाजेने की दुखण्याने, मी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत सलाइनखाली पाय शांत झाले.

पुढे धुळ्याचे डॉक्टर सांगतील तसं चाललं. कॅप्सूल पूर्ण बंद नाही, थोडी थोडी कमी. मध्ये वाढवायची नाही, घाईने कमीही करायची नाही. कमरेला पट्टा, तव्यावर गरम केलेल्या वाळूचा शेक, भिंतीला पाठ लावून करायचे व्यायाम. दुखणं काही गेलं नाही. ते जाणारही नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाई एकदा शेक घेताना म्हणाल्या, "दुखणं आपलं ओळखीचं आहे ग, त्याच्याशी बोलता येतं. त्या तीन दिवसांत जे आलं होतं ते कोण होतं कोण जाणे." त्या भीतीने त्या नियमाने राहिल्या. चारावरून तीनवर आल्या, तीनावरून दोनवर.

पण गल्ली गप्प बसत नाही. "गोळीसाठी अठाई सोडली," हे शब्द स्थानकाच्या पायऱ्यांवर त्यांच्या कानावर गेले. त्या दिवसापासून त्यांनी बाहेर पडणं सोडलं, आणि मग म्हणाल्या, थोडे दिवस मुलीकडे जाते. माझी नणंद कंचनबाई शिंदखेड्याला दिलेली आहे. मी कॅप्सूलची डबी बांधून दिली, कशी कमी करायची ते बाईंकडून दोनदा म्हणवून घेतलं.

काल कोपऱ्यावरच्या बूथवर कंचनबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "ती डबी मी उकिरड्यावर फेकली. व्यसन लावलंत तुम्ही माझ्या आईला, स्वतःच्या दुकानातून. इथे एक गोळी मिळणार नाही तिला. आता बघा कशी बरी होते." मी सांगायला लागले तर लाइन तुटली. नंतर लागतच नाही. हे म्हणतात, "तिची मुलगी आहे ती, उपाशी थोडीच ठेवेल? रविवारी जाऊन येतो." रविवार लांब आहे. सोनलला गोवर उठलाय, ताप उतरत नाही, मला तिला टाकून जाता येत नाही आणि घेऊनही जाता येत नाही. मी तिच्याजवळ बसून हे लिहिते आहे.

तुमच्यापैकी कोणी शिंदखेड्याचं असेल, किंवा त्या बाजूला जाणार असेल, तर बाजारपेठेत कापडाच्या दुकानावर कंचनबाईंचं घर आहे, हिरव्या कठड्याचं. वर जा. जळगावच्या राजकुंवरबाई कुठे आहेत विचारा. कंचनबाई म्हणतील, झोपली आहे, बरी आहे. तरी आत जा. बाई स्वतःही बरी आहे म्हणतील. त्यांच्याजवळ बसा जरा वेळ. आणि त्या बऱ्या नसतील तर कोणाला विचारत बसू नका, आधी डॉक्टर बोलवा.