सावळारामाची घंटा

"हातोडा खाली ठेव, सावळाराम!" स्टेशनमास्तर ऑफिसातून ओरडले.

सावळारामाने हातोडा खाली केला, पण ठेवला नाही. त्याच्यासमोर खांबाला रुळाचा तुकडा टांगलेला होता. तीच स्टेशनची घंटा. मागच्या स्टेशनाने आत्ताच विचारलं होतं, पुण्याला जाणारी पॅसेंजर सोडू का म्हणून. नियमाने टोले द्यायचे ते गाडी तिथून सुटल्यावर. सावळाराम मात्र इतकी वर्षं नुसत्या विचारण्यावरच टोले देत आला होता. फलाटावर सावली नव्हती, म्हणून रावेतकडची माणसं शेतापलीकडच्या लिंबाखाली बसत आणि घंटा झाली की उठत. म्हाताऱ्याकोताऱ्यांना पोचायला तेवढा वेळ लागेच. गावात तिला सावळारामाची घंटाच म्हणत, आणि ते ऐकून त्याच्या अंगावर मूठभर मांस चढे.

नव्या मास्तरांनी कालच ते बंद केलं. घंटा ऐकून फाटकवाला फाटक लावी आणि कारखान्याच्या बांधकामावर विटा नेणाऱ्या बैलगाड्या उन्हात खोळंबत. मास्तरांचं काही चुकत नव्हतं. चुकला होता सावळाराम. पहाटे ड्यूटीवर निघताना लेक तानी आत कळांनी कण्हत होती, तेव्हा तो बायकोला, रतनबाईला, सांगून आला होता, "अडलीच तर बाजेवर घालून आना. चार बाप्यांसमोर फलाटावर नगं, लिंबाखाली थांबा. घंटा झाली की उठा." जिभेची जुनी सवय! कालचा हुकूम त्याला स्टेशनात पाय ठेवल्यावर आठवला.

आणि आता लिंबाखाली बाज होती. तिच्याभोवती आडोशाला धरलेलं रतनबाईचं हिरवं लुगडं त्याला इथून दिसत होतं.

"मास्तर, माझी तानी हाय त्या बाजेवर. सुईनीनं हात टेकलं. ससूनला न्यायची हाय."

"मग फलाटावर का नाही आणली?"

"माझंच चुकलं."

"आज तुझी तानी, उद्या आणखी कुणाची. गाडी सुटल्याची खबर येऊ दे."

निरोप धाडायला फलाटावर चिटपाखरू नव्हतं. सिग्नलचं काम सोडून त्याला स्वतःला हलता येत नव्हतं. दुसरी गाडी थेट संध्याकाळी. नोकरी गेली तर घर उघड्यावर पडणार होतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याने एकदा लिंबाकडे पाहिलं आणि हातोडा उचलला.

टोले शेतं ओलांडून गेले. लिंबाखालचं लुगडं खाली आलं, बाज उठली. पुढचा खांदा जावयाचा, बिरूचा होता. ढेकळांतून तो दोनदा अडखळला.

मास्तर बाहेर आले आणि त्यांनी हातोडा काढून घेतला. "उद्यापासून घंटा रातपाळीचा मारुतराव वाजवील. तू झाडलोट बघ."

"व्हय," म्हणून सावळाराम सिग्नल ओढायला गेला.

गाडी आली तेव्हा बाज नुकती फलाटाला लागत होती. तानीला डब्यात चढवताना मास्तरांनीही हात लावला. हातोडा मात्र त्यांनी परत दिला नाही.

संध्याकाळच्या गाडीने बिरू परतला. "मामा, पोरगी झाली. दोघी बऱ्या हायती."

सावळाराम सगळ्यांदेखत रडला.

दुसऱ्या दिवशी तो फलाट झाडत असताना आत मागच्या स्टेशनाची विचारणा झाली. त्याचा हात सवयीने वर गेला, हातात झाडू होता. मारुतराव हातोडा घेऊन सुटल्याच्या खबरीची वाट बघत उभा होता. लिंबाखाली सुजल्या पायांची म्हातारी गवराबाई कोथिंबिरीची पाटी घेऊन बसलेली, घंटेच्या भरवशावर.

सावळारामाने झाडू भिंतीला टेकवला. फलाटाच्या टोकाला जाऊन त्याने डोक्याचं पांढरं मुंडासं सोडलं आणि दोन्ही हातांनी उंच धरून हलवू लागला. बोडक्या डोक्यावर ऊन तापत होतं.

जरा वेळ तिकडे कुणी हललं नाही. मग गवराबाईने कपाळावर हात आडवा धरून पाहिलं, पाटी डोक्यावर घेतली आणि ती उठली. घंटा अजून व्हायची होती.