क्लाइवचे पाय मावतील अशी गाडी

ग्लेनिस पेनरोज गाडी घेणार हे कळलं तेव्हा ब्रोकन हिलमध्ये ज्याच्या त्याच्याकडे एक सल्ला तयार होता. क्लबातल्या बायका म्हणाल्या, चांगली उंच, दणकट गाडी घे, पुढे लोखंडी कठडा लाव, कांगारू आडवा आला तर तूच वाचशील. नणंद रीटा म्हणाली, "अडुसष्टाव्या वर्षी कसली गाडी घेतेस? विमानानं जात जा." विमानानं जायला ग्लेनिसची काही हरकत नव्हती. पण विमान क्लाइवला फिरवून आणणार नव्हतं.

क्लाइव तिचा नवरा. चाळीस वर्षं तो खाणीत यंत्रं दुरुस्त करत होता. उंची सहा फूट पाच इंच. खाली बोगद्यातून इतकी वर्षं वाकून चालला की वर आल्यावरही कुठल्याही दारातून जाताना आपोआप मान खाली घालायचा. चौदा महिन्यांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं एकेका शब्दावर येऊन थांबलं. त्याला उठवायला, अंघोळ घालायला दोन माणसं लागत. गावात तशी सोय असलेली जागा काही मिळेना, म्हणून त्याला ॲडलेडच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. ॲडलेड पाचशे दहा किलोमीटर. ग्लेनिस दर दुसऱ्या गुरुवारी सकाळी निघायची, दुपारी पोचायची, मावसबहिणीकडे राहायची आणि रविवारी परत यायची.

हे सगळं ती क्लाइवच्या जुन्या पिकअपमधून करत होती. ती गाडी दांडा जोरात ढकलल्याशिवाय दुसऱ्या गिअरमध्ये जात नसे आणि पेट्रोल तर नुसतं ढोसायची. वाटेत युंटा गावच्या पंपावर उतरताना ग्लेनिसला दाराला धरून मिनिटभर उभं राहावं लागे, तेव्हा कुठे कंबर सरळ व्हायची. तेही तिनं चालवून घेतलं असतं. पण एके दिवशी क्लाइवचा व्यायाम घेणारी जोसलिन तिला म्हणाली, "तुमच्याकडे नीट गाडी असती ना, तर दिवसभर त्यांना बाहेर नेता आलं असतं. सीट व्हीलचेअरच्या उंचीची हवी. फार खाली नको, फार वरही नको. दार रुंद उघडायला हवं. आणि पाय, ते तर तुम्ही बघताच आहात."

ग्लेनिसनं ते लाइटबिलाच्या पाकिटावर लिहून घेतलं. त्या रात्री तिला पहिल्यांदाच असं वाटलं की काहीतरी करण्यासारखं आपल्या हातात आहे.

क्लोराइड स्ट्रीटवरच्या गाड्यांच्या दुकानात ती शिवणकामाची टेप घेऊन गेली. डॅरेन नावाचा विक्रेता तिला एका पांढऱ्या धिप्पाड गाडीपाशी घेऊन गेला आणि पडद्यावर नकाशा कसा दिसतो, गाणी कशी लागतात ते दाखवू लागला.

"ते राहू दे," ग्लेनिस म्हणाली. "जरा बाजूला हो, मला सीटची उंची मोजायची आहे."

"उंच आहे ना, सगळा रस्ता दिसतो तुम्हाला."

"रस्ता मी चौदा महिने बघतेच आहे. यात माझा नवरा चढणार कसा? शिडी देतोस का सोबत?"

 डॅरेननं तिला बसायला खुर्ची आणून दिली आणि ती मोजेल ते आकडे स्वतःच कागदावर उतरवू लागला. दोन गाड्या फार उंच निघाल्या, तीन फार बुटक्या. एकीचं सगळं जमत होतं, पण मोजून पाहिलं तर व्हीलचेअर मागे ठेवल्यावर झाकण लागलं नसतं. शेवटी राहिल्या दोन. एक निळी, जवळजवळ नवी. दुसरी राखाडी, सहा वर्षं जुनी, लांबट, बॅटरी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी. पियानो दुरुस्त करत गावोगाव फिरणाऱ्या एका बाईची होती ती. डॅरेन म्हणाला, "ही शंभर किलोमीटरला पाच लिटर घेते. ॲडलेडला जाऊन याल जवळजवळ एका टाकीत."

"पाय मावतील?"

"टेप काय सांगते?"

"टेपला गुडघे नसतात," ग्लेनिस म्हणाली.

क्लाइवएवढा उंच माणूस गावात आता एकच उरला होता, आणि तो होता लेस्टर हॅनाफोर्ड. तरुणपणी दोघं एकमेकांविरुद्ध फुटबॉल खेळायचे. एका अंतिम सामन्यात लेस्टरच्या कोपरानं क्लाइवचं नाक मोडलं. लेस्टर म्हणे चुकून लागलं, क्लाइव म्हणे मुद्दाम मारलं. तेव्हापासून लेस्टर समोरून आला की क्लाइव रस्ता ओलांडायचा. चाळीसहून जास्त वर्षं हे चाललं होतं. ग्लेनिस थेट त्याच्या घरी गेली. लेस्टर अंगणात कोबीला पाणी घालत होता.

"लेस, मला तुझे पाय हवेत. तासभर."

त्यानं नळ बंद केला. "कशाला?"

तिनं सांगितलं. त्यानं पाण्याची नळी गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "त्याला कळलं तर?"

"कळलं तर त्याला बरं वाटेल. चिडायला काहीतरी मिळेल."

लेस्टर स्वच्छ शर्ट घालून आला. निळ्या गाडीत बसला आणि लगेच उतरला. "गुडघे हनुवटीला लागतात. हिच्यात क्लाइवला बसवलंस तर तो मोडलेलं नाकसुद्धा परत माझ्या नावावर टाकेल." राखाडी गाडीत मात्र तो टेकला, सीट मागे सरकवली, पाठ कलती केली आणि पाय लांब केले. उजवा पाय उचलता येत नाही असं धरून हातानं आत घेऊन पाहिला. दोनदा उतरला, दोनदा बसला. तिसऱ्यांदा बसल्यावर त्यानं डोळे मिटले. ग्लेनिस दाराशी उभी राहून बघत होती. पुढच्या सीटच्या टेकूवर टेकलेलं ते लांब डोकं, मांडीवर ठेवलेले मोठे हात. तिला तिथे उभं राहवेना. ती उगाच मागे जाऊन झाकण उघडून बघू लागली.

"हीच घे," लेस्टर आतून म्हणाला. "हिच्यात झोप लागेल माणसाला."

पिकअपला डॅरेन काहीच किंमत देईना. ती भंगारात जाणार हे ऐकून लेस्टर म्हणाला, मी घेतो, मला लाकडं आणायला हवीच आहे. ग्लेनिसनं किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. क्लाइवची जुनी टोपी सीटखाली होती, ती तेवढी तिनं काढून घेतली.

पुढच्या गुरुवारी ती राखाडी गाडी घेऊन निघाली. गाडी इतकी शांत चालत होती की कॉकबर्न गाव ओलांडेपर्यंत तिला आपण काहीतरी घरी विसरलोय असंच वाटत राहिलं. शेजारची सीट लेस्टरनं मागे सरकवली होती, तशीच होती. त्या रिकाम्या सीटकडे बघून ती मोठ्यानं म्हणाली, "आता फिरायला जाताना तू इथे असशील." मग स्वतःच्याच आवाजाला दचकली आणि रेडिओ लावला.

शुश्रूषागृहात पोचल्यावर क्लाइवला तिनं नव्या गाडीचं सांगितलं, पिकअप विकली तेही. तो खिडकीबाहेर बघत होता.

"कोण?" त्यानं विचारलं.

"कोणाला विकली? लेस्टरला."

क्लाइवची मान वळली. डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला. तोंड वाकडं झालं, शब्द अडकले, परत अडकले, आणि मग सुटले. "त्याला. क्लच. कळत नाही."

चौदा महिन्यांत त्याच्या तोंडून आलेलं हे सगळ्यात लांब वाक्य होतं. जोसलिन दारातच थांबली. ग्लेनिस हसायला लागली आणि हसता हसता तिला रुमाल शोधावा लागला.

पहिल्या फेरीला तिनं त्याला समुद्रावर नेलं. बसवायला जोसलिननं मदत केली. टेप खोटं बोलली नव्हती, खुर्चीवरून सीटवर तो सरकला तो एकाच दमात. वाळूजवळ गाडी लावून तिनं आइस्क्रीम आणलं. क्लाइवनं आइस्क्रीम खाल्लं, पण समुद्राकडे काही बघितलं नाही. परत निघताना सिग्नलपाशी त्यानं डावा हात उचलून उत्तरेकडे बोट केलं.

"तिकडे काय आहे?" तिनं विचारलं. ब्रोकन हिलचा रस्ता तिकडूनच जातो हे तिला माहीत होतं.

मग दर फेरीला ते उत्तरेकडे जाऊ लागले. संध्याकाळी पाचच्या औषधाला परतायचं, एवढीच अट. आधी गॉलरपर्यंत, मग टार्लीपर्यंत. क्लाइव रस्त्यावरच्या पाट्या वाचायचा, नुसते ओठ हलवून. पुढच्या गावांची नावं त्याला पाठ होती. जूनमध्ये ते बरा नावाच्या गावी पोचले, तिथल्या बेकरीतली पास्टी, मांस-बटाट्याची मोठी करंजीच ती, तिनं त्याला तुकडे करून भरवली. "आईची?" त्यानं विचारलं. "नाही," ती म्हणाली, "तुझ्या आईची नाही, पण चवीला जवळपास तशीच." तो घास घोळवत राहिला. आणखी पुढे जायचं होतं त्याला, पण दीड वाजला होता.

जुलैतल्या एका शुक्रवारी ती त्याला घेऊन सकाळी आठलाच निघाली. बरा गेलं, हॅलेट गेलं. हिरवी गव्हाची शेतं विरळ झाली, कुंपणं लांब लांब गेली, आणि टेरोवीच्या पुढे झाडं संपली. लाल माती, आणि तिच्यावर खारट पानांची राखाडी झुडपं, थेट आभाळापर्यंत. क्लाइवनं काचेवर हात ठेवला. तिनं गाडी कडेला घेतली, उतरून त्याचं दार उघडलं. थंड, कोरडा वारा आत शिरला. तिनं झुडपाची एक फांदी मोडून त्याच्या हातात दिली आणि आपल्या जागी येऊन बसली. त्यानं फांदी चुरगळली, नाकाशी धरली आणि तशीच धरून ठेवली.

"चल," तो म्हणाला.

"पाचला परतायचंय, क्लाइव."

"टाकी?"

"भरलेली आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला. खरंच, पेट्रोल होतं. रस्ता मोकळा होता. अजून तीन तास, आणि मग खाणीतल्या टाकाऊ दगडमातीचा तो मोठा डोंगर दिसला असता, खाणीच्या मनोऱ्यावरची चाकं, आपल्या घराचा पत्रा. ग्लेनिसनं एकेक गोष्ट मनात मांडून पाहिली. न्हाणीघराचं दार अरुंद, खाट फार खाली, ती एकटी. तो पडला तर? पण तिचे हात मात्र स्टिअरिंगवर गेले होते. एक मोठा ट्रक शेजारून गेला, गाडी हलली. तो गेल्यावर परत शांत झालं.

"घरी नेऊन तुला उचलणार कोण?" ती शेवटी म्हणाली.

क्लाइवनं विचार केला. मग तोंडाचा चांगला कोपरा वर गेला. "लेस्टर."

"तू त्याला अंगाला हात लावू देशील?"

"नाही."

दोघंही हसली, आणि मग हसणं थांबलं. क्लाइवनं पुढच्या रस्त्याकडे आणखी थोडा वेळ बघितलं. दूरवर तो बारीक होत होत चकाकत होता. मग त्यानंच डावा हात उचलला आणि गोल फिरवला. वळव.

तिनं उतरून त्याचं दार लावलं, पट्टा तपासला आणि गाडी वळवली. वळवल्यावर तिनं आरशात बघायचं टाळलं. तो बराच वेळ जागा होता, ती फांदी मांडीवर घेऊन. हॅलेटच्या आधी त्याचा डोळा लागला. तिनं हळूच थांबून त्याची सीट आणखी कलती केली आणि आपला कोट त्याच्या पायांवर घातला. लांब पाय आरामात पसरले होते, कुठे काही लागत नव्हतं. ती नव्वदच्या पुढे गेली नाही. मागच्या गाड्या पुढे जात होत्या, तिला त्याचं काही वाटलं नाही.

गॉलरपाशी रहदारी सुरू झाली. सिग्नलला ब्रेक लागला तशी क्लाइवनं डोळे न उघडताच मान हलवली.

"घर आलं?" त्यानं विचारलं. शब्द अगदी स्वच्छ होते.

ग्लेनिसनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"थोडं राहिलंय," ती म्हणाली. "झोप तू."