कठड्याच्या आत

ओतिलिए लग्न करून ट्रानेमोसेच्या गढीत आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूने तिला मोठ्या दालनातल्या तसबिरींसमोर उभं केलं आणि एकेकाची ओळख करून दिली. हा एरिक, याने दलदल बुजवून गढी बांधली. हा त्याचा मुलगा, स्वीडिश फौज चालून आली तेव्हा बायकोला मागे ठेवून होडीतून पळाला. हा लुडविग, पत्त्यांत अर्धं जंगल घालवून बसला. ही क्रिस्टेन्झे, नवऱ्यामागे एकटीने सगळी जमीन राखली, पण कुळांना धारदार पाठीच्या लाकडी घोड्यावर बसवून अशी शिक्षा द्यायची की माणूस आठवडाभर चालू शकत नसे. सासू हे अशा आवाजात सांगे की जणू ही माणसं शेजारच्या खोलीत कॉफी पीत बसली आहेत.

ओतिलिए ओर्हुस या डॅनिश शहरातल्या एका पाद्र्याची मुलगी. तिच्या माहेरी पणज्याचं नावसुद्धा कुणाला धड आठवत नव्हतं. तिने सगळं ऐकलं, मनात नीट लावून ठेवलं, आणि पुढेपुढे त्या घरात जन्मलेल्या नवऱ्यापेक्षाही तिला ते चोख येऊ लागलं. पाहुणे आले की प्रेबेन हसत म्हणायचा, "ओतिलिएला विचारा. माझे पूर्वज माझ्यापेक्षा तिच्याच जास्त ओळखीचे आहेत."

प्रेबेन लवकर गेला. शिकारीहून आला, बूट काढायला खाली वाकला, तो उठलाच नाही. त्याला चर्चच्या अंगणात, लिंडेनच्या झाडाखाली, एल्गेनक्रोने घराण्याच्या लोखंडी कठड्याच्या आत पुरलं. त्या कठड्यात घराण्याबाहेरचं कुणी कधीच गेलं नव्हतं. मागे उरला एकुलता एक योआकिम. तिने त्यालाही तसबिरींसमोर उभं केलं. तो पोरगा हसायचा.

"आई, या सगळ्यांत काही चांगलं केलेला एकही माणूस नाही का गं?"

"तुझ्या आजोबांनी गावाला शाळा बांधून दिली की."

"ती गळते. मी त्याच शाळेत होतो."

जर्मन फौज देशात घुसली तेव्हा योआकिमला मिसरूड फुटत होती. पुढे लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात गढीमागच्या माळावर इंग्रजी विमानांतून छुप्या लढवय्यांसाठी हत्यारं पडू लागली आणि ती उचलणाऱ्यांत योआकिम होता. लोहाराचा आंकर त्याच्या जोडीला. दोघं लहानपणापासून एकाच खंदकात पोहलेले. ओतिलिएला कळत होतं. तिने कधी विचारलं नाही. फेब्रुवारीत रेल्वेच्या फाटकाजवळ जर्मनांनी त्यांची गाडी अडवली. आंकर बर्फातून निसटला, योआकिम सापडला. मार्चमध्ये कोपनहेगनला त्याला गोळ्या घातल्या. बातमी रेडिओवर आली, इतर नावांच्या मध्ये त्याचं नाव. प्रेत कुठे टाकलं ते कुणी सांगेना.

एप्रिलमध्ये जर्मन अधिकारी आला आणि गढी ताब्यात घेतली. शिपायांसाठी नव्हे, त्यांच्याच माणसांसाठी. पूर्वेकडून, रशियन फौजेपुढून पळून जहाजातून आलेल्या बायका, म्हातारी माणसं, मुलं. ओतिलिए आणि तिची जुनी स्वयंपाकीण बोदिल बागेकडच्या अंगाला तीन खोल्यांत गेल्या. मोठ्या दालनात गवत पसरलं गेलं, एरिक आणि क्रिस्टेन्झे यांच्या चौकटींना दोऱ्या बांधून लंगोट वाळू लागले.

कारभारी इवेर्सन संतापला होता. "बाईसाहेब, तसबिरी तरी उतरवून घेऊ."

"राहू देत," ती म्हणाली. "त्यांनाही बघू दे."

मे महिन्यात जर्मन हरले. गावात खिडक्याखिडक्यांत मेणबत्त्या लागल्या, माणसं रस्त्यात गळ्यात पडून रडली. शिपाई गेले, निर्वासित तिथेच राहिले. जाणार कुठे? गढीभोवती तारेचं कुंपण आलं, फाटकावर त्या छुप्या लढ्यातले, दंडाला पट्टा बांधलेले पहारेकरी आले. त्यांचा म्होरक्या होता आंकर. निर्वासितांशी बोलायचं नाही, काही द्यायचं नाही, असा सरकारी हुकूम होता. ओतिलिएला हुकमाची गरजच नव्हती. ती त्या बाजूला फिरकत नसे. जर्मन तिला शाळेपासून येत होतं, पण भिंतीपलीकडून ती भाषा ऐकू आली की ती खिडकी लावून घेई.

जूनच्या शेवटी फोन आला. कोपनहेगनजवळच्या मैदानातल्या खड्ड्यांतून प्रेतं बाहेर काढताहेत, ओळख पटतेय, तुमचा मुलगा सापडला. थोड्याच दिवसांत घरी पाठवू. तिने फोन खाली ठेवला आणि बोदिलला म्हणाली, "येतोय तो." बोदिल खुर्चीत बसली आणि ॲप्रनमध्ये तोंड घालून रडली. ओतिलिए रडली नाही. तिला एवढंच कळत होतं की आता त्याला जागा मिळणार. इतके महिने तो कुठे आहे हेच माहीत नसणं, हे त्याच्या मरणाहून वेगळं असं एक दुःख होतं, आणि ते आता संपणार होतं.

त्याच दिवसांत दालनात मुलं आजारी पडू लागली. पोटाचा विकार. उन्हाळा, दाटी, पातळ सूप. त्यांतली एक उर्सेल नावाची चार वर्षांची मुलगी ओतिलिएने खिडकीतून पाहिलेली होती. पायऱ्यांवर बसून ती चिंध्यांच्या बाहुलीला मोठ्या रुबाबात रागवायची. एके दिवशी ती दिसली नाही. दुसऱ्या दिवशी ओतिलिएला स्वयंपाकघरात दुधाचं भांडं अर्धं दिसलं.

"दूध कमी झालंय, बोदिल."

"मांजर प्यायलं."

"आपल्याकडे मांजर कुठाय?"

"मग मी प्यायले," बोदिल भांडं घासत म्हणाली. "म्हातारपणी हाडं दुखतात माझी. तुम्हाला काय, हिशेब हवाय?"

त्या संध्याकाळी ओतिलिएने इवेर्सनला सांगितलं की उद्यापासून गोठ्यातून दूध जरा जास्त पाठव. का, ते त्यानेही विचारलं नाही.

दुधाने काही झालं नाही. डॉक्टर दोन दिवसांनी पाय ओढत आले, पावडर देऊन गेले. गुरुवारी सकाळी उर्सेल गेली.

तिची आई, ग्रिगोलाइटबाई, दुपारी स्वयंपाकघराच्या दाराशी आली. उंच, हाडकुळी बाई, अंगावर पुरुषी कोट. सोबत एक पहारेकरी. तिने ओतिलिएकडे पाहिलं आणि जर्मनमध्ये म्हणाली, "माफ करा. मला एक फळी हवी होती. पेटीला झाकण पुरत नाही."

ओतिलिए उठली, आतल्या खोलीत गेली, कपाटातली एक फळी स्वतःच्या हाताने काढून आणली आणि तिला दिली. तेवढ्यात चर्चच्या समितीचा प्रमुख क्विस्त अंगणात आला. योआकिमच्या दफनाची व्यवस्था बोलायला आला होता तो: बँड, झेंडे, शाळेची मुलं, सगळा तालुका येणार. त्याने ती फळी पाहिली.

"ते पोर बाहेर पुरू," तो पहारेकऱ्याला म्हणाला. "चर्चच्या कुंपणामागे, खाजकुयलीच्या कडेला. तिथे खणायला सांगतो."

"कुंपणाबाहेर?" ओतिलिएने विचारलं.

"मग काय बाईसाहेब, चर्चच्या अंगणात? गावातली माणसं मला फाडून खातील. पुढच्या आठवड्यात योआकिम येतोय."

"खूण लावाल का त्या जागेवर?"

"खूण कशाला? उद्या ही बाई जाईल आपल्या देशात. बघणार कोण?"

ग्रिगोलाइटबाईला डॅनिश येत नव्हतं. ती दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. आपल्या मुलीचं काय ठरतंय हे ओळखू पाहत होती. ओतिलिएला त्या बघण्याची ओळख पटली. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत ती स्वतः प्रत्येक माणसाकडे तशीच बघत आली होती.

"आमच्या कठड्याच्या आत जागा आहे," ती म्हणाली. "तिथे पुरा."

क्विस्तला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कुठे?"

"ऐकलंत तुम्ही. ती जागा एल्गेनक्रोने घराण्याची आहे, समितीची नाही."

संध्याकाळी आंकर आला. दंडावर पट्टा, हातात टोपी. स्वयंपाकघरात उभाच राहिला.

"बस की."

"नको. बाईसाहेब, हे खरं का?"

"खरं आहे."

"योआकिमच्या शेजारी? त्यांच्यातलं एक माणूस?"

"ती चार वर्षांची होती, आंकर."

"तो तेवीस वर्षांचा होता!" त्याचा आवाज फुटला. "रेल्वेच्या फाटकापाशी आम्ही दोघं होतो. तो म्हणाला, तू पळ, मी बोलत राहतो त्यांच्याशी. मी पळालो. रोज झोपताना मला ती गाडी दिसते. आणि आता तुम्ही... लोक काय म्हणतील ते सोडा. मला सांगा, तो काय म्हणेल?"

तो काय म्हणाला असता, हे ओतिलिएला खरंच माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं की आपल्याला माहीत असेल. मन लावून विचार केला आणि त्याचा आवाजच येईना.

"मला माहीत नाही रे," ती म्हणाली.

"मग करू नका."

"तिच्या आईला जागा माहीत असायला हवी. एवढंच कळतंय मला. याच्यापुढे काही कळत नाही."

आंकर टोपी घालून निघून गेला. बोदिल चुलीपाशी पाठ करून उभी होती. "पोराला कॉफी तरी द्यायची होती," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्याने तिला हुंदका आला.

उर्सेलला शुक्रवारी पुरलं. पाद्री आले, पण फार घाईत होते. ग्रिगोलाइटबाईला एका पहारेकऱ्यासोबत येऊ दिलं. ओतिलिए कठड्याच्या दाराशी उभी राहिली. आत गेली नाही. ते दुःख तिचं नव्हतं आणि तसं दाखवायची तिची इच्छा नव्हती. फळीवर कुणीतरी कोळशाने नाव लिहिलं होतं. पेटी खाली गेली तेव्हा ती बाई ओरडली नाही, पडली नाही; खाली बसून मातीची ढेकळं फोडत राहिली, जणू मोठी ढेकळं त्या पेटीला लागतील.

पुढच्या मंगळवारी योआकिम आला. स्टेशनवर बँड नव्हता. झेंडे नव्हते. शाळेच्या मुलांना घरी ठेवलं होतं. रस्त्याने जाताना घराघरांत पडद्यामागे माणसं उभी होती, हे ओतिलिएला दिसत होतं. अर्ध्या गावाला तिने वाढदिवसाला केक पाठवले होते, अर्ध्या गावाच्या बायकांच्या बाळंतपणात ती जाऊन बसली होती. कुणी बाहेर आलं नाही.

चर्चच्या फाटकापाशी मात्र आंकर आणि त्यांच्या टोळीतली मुलं रांगेत उभी होती. चांगले कपडे, दंडाला पट्टे, हातात झेंडा. शवपेटी गाडीतून उतरवली तेव्हा त्यांनी झेंडा खाली झुकवला. आंकरचा चेहरा ओला होता. पण ती मुलं आत आली नाहीत. तिथेच उभी राहिली.

पेटी उचलायला सहा माणसं लागतात. इवेर्सन होता, घोड्यांकडची दोन माणसं होती, माळी होता, चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा होता. पाच. पाद्र्यांनी इकडेतिकडे पाहिलं. फाटकापलीकडे आंकर एक पाऊल पुढे आला, आणि थांबला. कुणी काही बोलण्याआत ओतिलिएने हातमोजे काढून बोदिलच्या हातात दिले आणि मागची डावी कडी धरली.

"बाईसाहेब, जड आहे हो," इवेर्सन पुटपुटला.

"मी त्याला याआधीही उचललंय," ती म्हणाली. "चला."

जड होतीच. दोनदा थांबावं लागलं. वाळूच्या वाटेवर तिचे बूट रुतले, कडी तळहातात कापत गेली. कठड्याच्या आत शिरताना उर्सेलच्या ताज्या मातीवर पाय पडू नये म्हणून तिला आडवं वळावं लागलं, आणि पेटी एका बाजूला कलली. त्या क्षणी, फक्त त्या क्षणी, तिला त्या छोट्या ढिगाऱ्याचा भयंकर राग आला. आपल्या मुलाला साधं सरळ न्यायचंही आपण गमावलं, असं वाटलं. मग पेटी सावरली.

हेमंतात गावाबाहेर ट्रक आले आणि निर्वासितांना जटलंडच्या पश्चिमेकडच्या मोठ्या छावणीत घेऊन गेले. ग्रिगोलाइटबाईने निघताना ओतिलिएला विचारलं, "तिच्या जागेकडे कोण बघेल?"

"मी बघेन."

"तुम्ही गेल्यावर?"

ओतिलिएनंतर घराण्यात कुणी उरणार नव्हतं. तिने त्या बाईचा हात हातात घेतला, आणि ट्रकवाल्याने भोंगा वाजवला.

दालन झाडून काढलं, तसबिरी पुसल्या. वर्षभरातच ओतिलिएने गढी विकली. नवा मालक कोपनहेगनचा व्यापारी, त्याने तिथे क्षयाच्या रोग्यांसाठी विश्रांतिगृह काढलं. तसबिरी संग्रहालयात गेल्या. तिच्याकडे कुणी त्यांच्या गोष्टी विचारायला आलं नाही, आणि तिनेही कुणाला सांगितल्या नाहीत. ती आणि बोदिल माळ्याच्या रिकाम्या घरात राहायला गेल्या. लोक हळूहळू बोलू लागले. क्विस्तने एका ख्रिसमसला बदक पाठवलं. पण काहीतरी तुटलं होतं, ते तसंच राहिलं.

मे महिन्यात, देशाच्या सुटकेच्या दिवशी, आंकर दरवर्षी यायचा. कठड्याबाहेर टोपी काढून उभा राहायचा, फुलं गजांमधून आत ठेवायचा. ओतिलिए तेव्हा बहुतेक तिथे असायची, दोन्ही थडग्यांवरचं तण काढत.

एका वर्षी तिने विचारलं, "आत नाही येत?"

"नाही, बाईसाहेब." तो फुलांची दोरी सोडू लागला. "प्रयत्न केला. माझ्याच्याने नाही होत."

"बरं."

"तुम्ही रागावलात?"

"नाही रे," ती म्हणाली. गुडघे झाडत ती कष्टाने उठली, आणि तो फुलं ठेवायला आत हात घालू लागला तसा तिने गजांमधून तो हात धरला. दोघं तसेच उभे राहिले, ती आत, तो बाहेर, पाऊस सुरू होईपर्यंत.