उसनं नाक

पाण्याच्या वासाची तपासणी पातळापासून सुरू करतात. दोनशे मिलीच्या फ्लास्कमध्ये आधी फक्त पाच मिली नमुना, बाकी बिनवासाचं पाणी. मग पंचवीस, मग शंभर, शेवटी निव्वळ नमुना. उलटं केलं तर पहिल्याच हुंगण्यात नाक दमतं. मधेच एखादा फ्लास्क नुसत्या बिनवासाच्या पाण्याचा असतो. त्याला कोरा म्हणतात. तो कुठे आहे ते हुंगणाऱ्याला सांगायचं नसतं, म्हणजे उगाच ‘येतोय, येतोय’ म्हणणारा सापडतो.

इथेही तोच क्रम ठेवला आहे.

दोनशेत पाच

एका बाईचं नाक गेलं आणि तिने ते कामावर कोणाला सांगितलं नाही.

दोनशेत पंचवीस

जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत ती अकरा वर्षं वास तपासत होती. गढूळपणाला यंत्र होतं, क्लोरीनला यंत्र होतं, वासाला ती होती. एका उन्हाळ्यात तिला पाण्यात ओल्या मातीचा वास आला. शेवाळ माजलंय हे भिंगाखाली दिसायला त्यानंतर चार दिवस लागले. प्रयोगशाळेच्या साहेबांना सगळे पाठीमागे ‘मीटर’ म्हणत, कारण काटा हलल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे. पण तेव्हापासून तेसुद्धा तिच्या टेबलाशी आले की विचारत, “बाई, काय म्हणतंय पाणी?”

मग तिला साधा ताप आला. चार दिवसांत गेला, आणि जाताना वास घेऊन गेला.

येईल परत, असं म्हणत तिने दोन आठवडे अंदाजाने फॉर्म भरले. वास: नाही. खाली सही. तिसऱ्या आठवड्यात घरी दूध करपलं.

“अगं, कोळसा झाला दुधाचा,” सासू म्हणाली. “पातेल्यासमोर उभी आहेस ना तू?”

“लक्ष नव्हतं, आई.”

“लक्ष पातेल्यातच होतं. मी बघत होते. डोळे मीट.” सासूने नुसता सोललेला, अजून न चिरलेला कांदा तिच्या नाकाखाली धरला. “काय आहे?”

“साबण?”

सासू स्टुलावर बसली. “नाकाने कांदे सोलणाऱ्या पुष्कळ पाहिल्या. नाकाला कांदा न कळणारी पहिलीच.”

सांगितलं असतं तर तिला त्या टेबलावरून उठावं लागलं असतं, आणि तिला दुसरं कुठलंच टेबल नको होतं. हे ती सासूला म्हणाली नाही. तरी सासूने थोडा वेळ कांदा हातात फिरवला आणि म्हणाली, “आण तुझ्या बाटल्या इकडे.”

क्वार्टर केंद्राच्या आवारातच होतं, चालत चार मिनिटांवर. दुपारच्या सुट्टीत ती काचेच्या बुचाच्या दोन बाटल्या डब्याच्या पिशवीतून घरी आणायला लागली. एकीत कालव्यातून आलेलं कच्चं पाणी, दुसरीत शुद्ध करून सोडलेलं, त्यातलं क्लोरीन मारून, म्हणजे त्याचा वास मधे येणार नाही. सोबत बिनवासाच्या पाण्याचा कॅन आणि फ्लास्क. नमुने कोमट करायचे. सासूने तासभर आधी काही खायचं नाही, चहा नाही, डोक्याला तेल नाही, हाताला साबण नाही.

“सुनेने सासूला उपाशी ठेवलं म्हणून कोर्टात जाईन,” सासू म्हणायची, आणि हुंगायची.

नवऱ्याला दोघींनी सांगितलं नाही. तो पंपावर होता आणि स्वभावानेही पाइपच होता. या तोंडात ओतलं की त्या तोंडातून गावभर.

कोरा

एके दुपारी दोन्ही बाटल्यांत काही नव्हतं. कच्च्या पाण्याला गवताचा वास, तो रोजचाच.

“काही नाही,” सासू म्हणाली.

“काही नाही,” तिने लिहिलं.

दोघी जेवल्या. फ्लास्क खिडकीत उलटे वाळत राहिले.

दोनशेत शंभर

अशा नऊ आठवड्यांनंतर ही दुपार आली.

शुद्ध पाण्याचा पाचचा फ्लास्क सासूने बाजूला ठेवला. कोराही ठेवला. पंचवीसचा नाकाशी नेला आणि तिथेच थांबली.

“हे दवाखान्याचं आहे.”

सासूने तीस वर्षं इस्पितळात आयाचं काम केलं होतं. दवाखाना हा तिच्यासाठी एक वास नव्हता, अनेक होते. त्यामुळे सुनेने विचारलं, “म्हणजे फिनाईल?”

“फिनाईल असं नाही गं. फिनाईलने पुसून घेतलं, खोली बंद केली, दुसऱ्या दिवशी उघडली. तेव्हाचं.”

“आज फरशी पुसलीत का?”

“पुसली. साध्या पाण्याने. फिनाईल तूच बंद केलंस, माझं नाक बिघडतं म्हणून. आता माझ्यावरच संशय?”

तिने शंभरचा फ्लास्क पुढे केला. सासूने तो लगेच लांब केला. “हेच. जास्त.”

कच्च्या पाण्याची बाटली दिली, तीही निव्वळ. सासूने दोनदा हुंगली. “गवत. चिखल. दवाखाना नाही.”

तिने मनात भागाकार केला. दोनशे भागिले पंचवीस, वासाचा आकडा आठ. तीनच्या वर गेलं की कळवायचं, असा नियम होता. आणि वास कालव्यातून आला नव्हता, तो केंद्रात तयार झाला होता.

तिला कालव्याकडेचा रस्ता आठवला. दोन दिवस तिथे डांबर पडत होतं, रोलर फिरत होता, आणि काल दुपारी पावसाची सर येऊन गेली होती. डांबरातून इतकं थोडं काही पाण्यात उतरलं असेल की त्याचा एकट्याचा वास कोणालाच येणार नाही. क्लोरीनचा वास तर रोजचा, लोकांच्या अंगवळणी पडलेला. पण दोन्ही एकत्र आली की तिसरंच काही बनतं, आणि ते चिमूटभरही टाकीभर कळतं. पाणी स्वच्छ करायला आपण जे घालत होतो, त्यानेच ते बनवलं होतं.

“लोक पितायत का हे?” सासूने विचारलं.

“सकाळपासून.”

“मग बसलीस काय?”

“मी काय सांगू त्यांना? कोणाच्या नाकाने?”

सासूने ताटं मांडायला घेतली. “ते मला नको विचारूस. मी वास सांगितला. पुढचं तुझं खातं.”

निव्वळ

मीटर साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग टेबलावरचा कागद तिच्याकडे फिरवला.

“क्लोरीन बरोबर. गढूळपणा बरोबर. आम्लता बरोबर. काटा कुठेही हललेला नाही.”

“हे त्या काट्यांना कळत नाही, सर.”

“माहीत आहे. मोठ्या यंत्राला कळेल, पण नमुना बाहेर पाठवायचा, निकाल चार दिवसांनी.” त्यांनी चष्मा काढला. “तुम्ही काय म्हणताय ते समजतंय का तुम्हाला? सुरुवातीचं क्लोरीन बंद करून वास शोषणारी कार्बनची पावडर सोडायची. दोन्ही एकत्र चालत नाही, कार्बन क्लोरीन खातं. म्हणजे पुढचे काही दिवस पाणी फिल्टरपर्यंत क्लोरीनशिवाय जाणार. शेवटी देऊच आपण, पण तेवढ्यात जंतू सुटले तर? वास आला म्हणून लोक नाक मुरडतात. जंतू गेले तर आजारी पडतात.”

“शेवटचा डोस वाढवू. दर तासाला तपासू. मी थांबते.”

“तुम्ही थांबाल हो.” ते उठले. “हे बघा, मी तुमचं नाक अकरा वर्षं मानलंय. पण हे वरती सांगायचं तर माझ्यासमोर एकदा झालं पाहिजे.”

त्यांनी स्वतः फ्लास्क धुतले, दोनमध्ये बिनवासाचं पाणी घातलं, एकात नमुना. पाठमोरं होऊन घातलं. तिन्हींवर काचा ठेवल्या, फ्लास्क गोल फिरवले आणि तिच्यासमोर आणले.

“वेगळा कुठला?”

तिने पहिला घेतला. काच सरकवली, हुंगला. कोमट हवा नाकात गेली आणि परत आली. दुसरा. तसाच. तिसरा.

तिन्हींतला एक. ठोकून दिलं असतं तर तीनातून एकदा बरोबर आलं असतं. आणि चुकलं असतं तर साहेब म्हणाले असते, चला, थोडं थांबून बघू. आणि गावातल्या नळांना ते पाणी चार दिवस आलं असतं.

तिने तिसऱ्यावर काच ठेवली.

“मला सांगता येणार नाही, सर. माझं नाक गेलंय.”

“सर्दी आहे?”

“नाही. तापात गेलं. अकरा आठवडे झाले.”

साहेबांनी फ्लास्ककडे पाहिलं. “मग आठ कसं आलं?”

“ते सासूबाईंचं आहे. नऊ आठवडे त्याच हुंगतायत, घरी. फॉर्मवर सही माझी.”

“आणि आधीचे दोन?”

“ते बारा फॉर्म तर कोणाच्याच नाकाचे नाहीत.”

साहेबांनी एक फ्लास्क उचलून हुंगला, मग दुसरा, मग तिसरा, आणि खाली ठेवले. “मला क्लोरीनच येतो. वीस वर्षं मला झोपेतपण तोच येतो.” ते रागावले नव्हते, रागवायचं कुठून सुरू करावं ते त्यांना सुचत नव्हतं. “घरी आहेत का त्या?”

“जेवायला बसल्या असतील.”

“जेवल्यावर चालत नाही ना?”

“नाही.”

“मग फोन करा की, बाई.”

तिने फोन लावला. पलीकडून सासू म्हणाली, “घास हातात आहे माझ्या.”

“तोंडात गेलाय का?”

“तू असं विचारत असताना जाईल का तो तोंडात?”

पाच मिनिटांत सासू आली, घरातल्याच चपला घालून, पदराला हात पुसत. मग पदराला जेवणाचा वास लागेल हे आठवून तो सोडला. साहेबांनी खुर्ची दिली. सासूने प्रयोगशाळा नीट पाहून घेतली, आणि सुनेचं टेबल बघून म्हणाली, “बरं आहे. खिडकी आहे.”

साहेबांनी पाठ फिरवून फ्लास्कची जागा बदलली.

“हा,” सासू म्हणाली.

पुन्हा बदलली.

“हा. मघाचाच आहे, इकडचा तिकडे ठेवलात.”

तिसऱ्यांदा त्यांनी तिन्ही फ्लास्कमध्ये बिनवासाचं पाणी भरलं. सुनेने ते पाहिलं आणि गप्प राहिली. सासूने तिन्ही हुंगले, परत हुंगले, आणि ती साहेबांकडे अशी पाहायला लागली जशी पूर्वी नव्या डॉक्टरांकडे पाहत असेल.

“यात काहीच नाही. माझी परीक्षा घेताय का पाण्याची?”

साहेबांनी फोन उचलला. सुरुवातीचं क्लोरीन बंद. कार्बन चालू. शेवटचा डोस वाढवा, दर तासाला नमुना. डांबरवाल्यांना सांगा, कालव्याकडचं काम थांबवा. मग फोन ठेवून ते सासूला म्हणाले, “तुम्ही काही दिवस आलात तर…”

“मला नोकरी नको. मी निवृत्त आहे. दुपारी जेवणाआधी मोकळी असते, तेवढंच.”

मग ते सुनेकडे वळले. “सहासष्ट फॉर्म आहेत. काढा सगळे. प्रत्येकावर खरं काय ते लिहा, आणि आजची तारीख टाका.”

“हो.”

“आणि हे टेबल…”

“हो, सर.”

“ऐकून तरी घ्या. एका नाकावर केंद्र चालवलं ही चूक माझी. पाच जण लागतील. पंपावरचे, ऑफिसातले, ज्यांना वास येतो ते. त्यांना काय खाऊ नका, काय लावू नका, कोरा कुठे ठेवायचा, हे कोण शिकवणार? तुमचं नाक मी मागत नाहीये आता. पण त्यांच्या कुठल्याही फॉर्मवर तुमची सही चालणार नाही. हुंगणारा सही करेल.”

“करेल,” ती म्हणाली.

फॉर्म काढायला ती कपाटाकडे गेली. सासू खुर्चीतच बसून होती. तिने साहेबांना विचारलं, “मी आता चहा घेतला तर चालेल का?”

कोरा

चौथ्या दिवशी मोठ्या यंत्राचा निकाल आला, सासूचं नाक बरोबर ठरवणारा, बिंदूनंतरचे बरेच आकडे असलेला. त्याआधीच्या दुपारी पंचवीसला काही नव्हतं आणि शंभरला ‘असेल, नसेल’ होतं. ते लिहिलं होतं पंपावरच्या एका फिटरने, आणि सही त्याची होती. तपासणीआधी त्याने तंबाखू खाल्ला म्हणून तिने त्याला एकदा परत पाठवलं होतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासू नळाखाली पेला धरून उभी होती. पेला भरला, सवयीने नाकाशी नेला. सून दारातच थांबली.

सासू सगळं पाणी प्यायली आणि पेला पालथा घातला.

“काय, आई?”

“काय काय? पाणी आहे. पी.”

तिने चप्पल काढली आणि दुसरा पेला घेतला.